तात्यांच्या ओठाचा बांध

दाताच्या दवाखान्यात आलेला माणूस दारातच कळतो. गालाला रुमाल लावून आला की दुखणं नवं. रुमाल-बिमाल काही नाही, हसत हसत "सहज इकडून चाललो होतो" म्हणत आला की दुखणं लई जुनं, आणि लवंग, तंबाखू, पेट्रोलचा बोळा असलं सगळं घरी करून झालेलं. मी ह्या दोघांच्याही नकला करतो. खुर्चीतल्या माणसाला हसू आलं की त्याचं तोंड आपोआप उघडतं, आणि आमच्या धंद्यात तोंड उघडलं म्हणजे निम्मं काम झालं.

अनुभव लिहा म्हणून सांगणाऱ्यांना मी आधी म्हणलं, एखादा पिकलेला डॉक्टर बघा, माझे तर केसपण अजून काळे आहेत. मग घरी जाऊन आरशात बघितलं. कानाच्या वर थोडे पांढरे निघाले. गेल्या दिवाळीला नव्हते. ते यंदाच्या हरभऱ्याच्या सीझनचे आहेत, आणि मोंढ्यातल्या एका माणसाच्या खालच्या ओठानं दिलेले आहेत. त्या ओठाचंच सांगतो.

मी कळंबात वीरभद्र सरांच्या दवाखान्यात बसतो. गावातल्याच शाळेत शिकलो, दातांची डॉक्टरकी बाहेर केली, वर दातांच्या मुळांचं जादाचं शिक्षण केलं आणि परत आलो. सर उमरग्याकडचे. घरात कानडी, दवाखान्यात मराठी, कपाळाला विभूतीचे पट्टे. तिसऱ्या शबाना आपा. हत्यारं धुणं, ट्रे लावणं, पळालेल्या पेशंटला जिन्यात गाठून परत आणणं हे सगळं आपांकडं. सर दिवसभर चहा पितात. पण ऑपरेशन असलं की चहा बंद. पेशंटचा बधिर झालेला ओठ जागा झाल्याचा फोन आल्याशिवाय सर कपाला हात लावत नाहीत. उपासच म्हणा. मला आधी हे लई गमतीचं वाटायचं.

आता धंद्याचं थोडं सांगतो, म्हणजे पुढचं कळंल. दाताच्या मुळाशी पू झाला की आम्ही रूट कॅनल करतो. दात वरून उघडायचा, आतली नस काढायची, नळी साफ करून बुजवायची. बहुतेकांचं तेवढ्यात भागतं. पण कधी मुळाच्या पार टोकाला घाण राहते आणि वरून जायला वाट नसते. मग बाजूनं जायचं. विहिरीत आडवं बोअर मारतात ना, तसं. हिरडी उचलायची, हाडाला खिडकी पाडायची, मुळाचं टोक कापायचं आणि कापल्या जागी मागून बूच बसवायचं.

हे करायच्या दोन तऱ्हा. सरांची जुनी. एक्स-रे बघायचा, माप घ्यायचं, हिरडी चांगली मोठी उचलायची आणि डोळ्यानं बघत, बोटानं चाचपत टोक शोधायचं. माझी नवी. जबड्याचा थ्रीडी स्कॅन काढायचा, कॉम्प्युटरवर वाट आखायची आणि तिच्यावरून गाईड छापून घ्यायचं. गाईड म्हणजे दातांवर बसणारी पारदर्शक टोपी. तिला बाजूला एक नळी असते. ड्रिल त्या नळीत घातलं की ठरल्या जागी, ठरल्या तिरक्यानं, ठरल्या खोलीपर्यंतच जातं.

"हात थरथरला तरी चुकत न्हाई, सर," मी पहिलं गाईड दाखवत म्हणलो होतो.

सरांनी ते उलटंपालटं करून बघितलं. "आणि टोपी थरथरली तर?"

"टोपी कशाला थरथरंल?"

"मी आपलं इचारलं," सर म्हणाले आणि चहा पिऊ लागले.

शेजारच्या वाशी गावातल्या एका किराणा दुकानदाराच्या वरच्या पुढच्या दाताचं मी गाईडनं केलं. मसुराएवढं भोक, थोडकंच रक्त, दुपारी माणूस गल्ल्यावर. मग मी हवेत. सरांना ऑपरेशनच्या वेळी "निधान, निधान" म्हणायची सवय. कानडीत निधान म्हणजे हळू. मी आपांसमोर सरांसारखी मान वाकडी करून "निधान, निधान" करत होतो, आणि सर माझ्या मागं उभे होते.

"नक्कल चांगली हाय," सर म्हणाले. "निधान कधी करतूस तेवढं सांग."

आणि मग तात्या आले.

तात्या म्हणजे आमच्या मोंढ्यातले पुकारणारे. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, सकाळी बीट निघते, म्हणजे मालाची बोली. शेतकऱ्यांचे ढीग लागलेले असतात, खरेदीदार एका ढिगावरून दुसऱ्या ढिगावर सरकतात आणि त्यांच्या पुढं एक माणूस मूठभर दाणे हातात खेळवत भाव पुकारत जातो. "पंचावन्न, पंचावन्न, बोला, पंचावन्न-पाच, बापू बोला, छप्पन्न झाले, एकवार, दोनवार." हे असं नाही, ह्याच्या चौपट वेगात. एक शब्द अडखळला तर भाव चुकतो, भाव चुकला की भांडण. तात्यांचा आवाज पत्र्याच्या शेडमधून बाहेर रस्त्यावर यायचा. आम्ही शाळेला जाताना तो ऐकत जायचो.

नववीत असताना गॅदरिंगला मी तात्यांची नक्कल केली. बेंचवर शेंगदाण्यांचा ढीग केला आणि आमच्या मास्तरांची बोली लावली. तात्या पहिल्या रांगेत. नुसत्या आवाजानं भागंना, म्हणून "तीनवार" म्हणायच्या आधी मी दोन्ही ओठ आत ओढून "पक्क" असा आवाज काढला, बाटलीचं बूच उडतं तसा. तात्या तसं कधीच करत नव्हते. पण सगळी शाळा लोळली. तेव्हापासून तात्यांनी मला नाव ठेवलं, नकल्या.

तर हे तात्या फेब्रुवारीत दवाखान्यात आले. हसत. रुमाल नाही.

"सहज इकडून चाललो व्हतो," म्हणाले. मग मला बघितलं. "तू त्यो नकल्या न्हवं का? हितं काय करतूस?"

"डॉक्टर आहे, तात्या."

"कुणाची नक्कल ही?"

खाली उजवीकडं, गालाच्या बाजूला हिरडीवर पुळी. पुळी फुटायची, बसायची, परत यायची. एक्स-रे काढला. दोन नंबरच्या उपदाढेच्या मुळाला पुवाची पिशवी. दातात मागं कुणीतरी धातूची खुंटी ठोकून वर कॅप बसवलेली, म्हणजे वरून वाट बंद. आणि त्याच दातावर तात्यांचा ब्रिज, म्हणजे पडलेल्या दातांच्या जागी बसवलेला पूल, टेकलेला. दात काढला तर ब्रिजपण जाणार.

"मग कवळी बसवावी लागंल," सर म्हणाले.

"कवळी घालून बीट पुकारू?" तात्या म्हणाले. "छप्पन्न म्हनायला गेलो आन् कवळी उडून हरभऱ्यात पडली तर ती कुणाच्या वजनात धरायची?"

आम्ही हसलो. मग मी स्कॅन बघितला आणि माझं हसू गेलं.

खालच्या जबड्याच्या हाडातून एक नस चालत येते, आणि बरोबर ह्या उपदाढांच्या खाली एका बारीक भोकातून बाहेर पडून ओठात जाते. खालच्या ओठाला जे काही कळतं, गरम, गार, चावलं, पाणी सांडलं, ते सगळं ह्या एका दोऱ्यावर. तात्यांच्या मुळाचं टोक त्या भोकाला जवळजवळ टेकलेलं. त्यात नस हाडातून सरळ बाहेर येत नव्हती. आधी थोडी पुढं जाऊन, वळण घेऊन मागं येत होती. ड्रिल जरा सरकलं की तात्यांचा ओठ कायमचा मेलेला. बोलता येतं तसं, ओठ हलतो. पण कुठं आहे ते कळत नाही. भूल दिल्यावर बोलून बघा.

हे मी तात्यांना सगळं सांगितलं. सांगायचं असतंच. तात्यांनी ऐकलं, खुर्चीतून उठले, चप्पल घातली आणि गेले.

पुळी परत आली तसे तात्या परत आले. आपांनी ट्रे लावेपर्यंत पुन्हा गेले. तिसऱ्या वेळी गालच सुजला आणि दोन दिवस मोंढ्यात दुसऱ्याच माणसाला पुकारावं लागलं. त्या पोरानं भाव चुकवला आणि दोन आडत्यांवर एकमेकांची गचांडी धरायची वेळ आली. तेव्हा तात्या स्वतः म्हणाले, "कर काय करायचं ते. पर नकल्या, माझा ववठ मला परत दे."

मला त्या वाक्यानं झोप लागंना. बसल्या जागी मी जिभेनं स्वतःचा खालचा ओठ चाचपायचो. आहे. परत चाचपायचो. आहे.

गाईडचा मला तेवढ्यासाठीच आधार वाटत होता. रात्रंदिवस कॉम्प्युटरवर वाट आखली. नस लांब ठेवली, तिरका कोन धरला, खोली बांधली. लातूरच्या लॅबला पाठवलं. लॅबवाल्यानं छापून नेहमीसारखं एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती दिलं. आमच्याकडं डबा, औषध, जातीचा दाखला, सगळं असंच येतं. ड्रायव्हरला सांगायचं, स्टँडवर माणूस येईल, बास.

ऑपरेशनच्या सकाळी गाडीला उशीर. तात्या वेळेवर. आल्या आल्या त्यांची नजर जिन्याकडं. म्हणलं हे आता तिसऱ्यांदा जातील, म्हणून मी गाईडची वाट न बघता भूल दिली. गाडी स्टँडात शिरल्याचा फोन आला होता. आपा आणायला गेल्या.

आपा डबा घेऊन आल्या आणि माझ्या हातात देताना म्हणाल्या, "डॉक्टरसाब, हे गरम कायकू है?"

"उन्हातनं आलं असंल."

"न्हाई. ड्रायव्हरनं बॉनेटवर ठेवलेलं. वरच्या रॅकमधून पडंल म्हणे. डॉक्टरचा सामान आहे, म्हणून नजरेसमोर ठेवला. लई जपून आणलं म्हणतो."

जुन्या गाडीचं बॉनेट म्हणजे ड्रायव्हरच्या शेजारी तापलेलं इंजिन. लातूर ते कळंब, एप्रिलचं ऊन वरून आणि इंजिन खालून. त्या भल्या माणसानं जपून ते शेकत आणलं होतं.

मी गाईड थंड औषधात बुडवून काढलं आणि तात्यांच्या दातांवर बसवलं. गाईडला बारीक खिडक्या ठेवलेल्या असतात. त्यातून दाताचं टोक प्लास्टिकला टेकलेलं दिसलं पाहिजे. डावीकडं टेकलं. उजवीकडं, जिथं नळी होती तिथं, नखाच्या जाडीएवढी फट. मी दाबलं. फट गेली. बोट काढलं. फट आली.

परत दाबलं. गेली. सोडलं. आली.

नखाएवढी फट काहीच नाही, असं वाटतं. पण ती वर आहे. नळीतून ड्रिल खाली हाडात जाताना त्याचा तिरकेपणा वाढत जातो, आणि खाली नस.

मी काही बोललो नाही. मी कधी गप बसत नाही, एवढं तात्यांनापण माहीत. तोंडात गाईड, अर्धा ओठ लोंबलेला, तशात तात्या डोळे माझ्याकडं फिरवून कसंबसं म्हणाले, "गप का झाला रं?"

सर बाजूला उभे होते. त्यांनी सगळं बघितलं होतं.

"मी वरून दाबून धरतो," सर म्हणाले.

माझ्या जिवात जीव आला. मी ड्रिल उचललं.

"धरीन मी," सर पुढं म्हणाले. "पण मी किती दाबतोय ते तुझ्या नळीला कळणार न्हाई. तुला कळंल?"

मी ड्रिल खाली ठेवलं. मनात हिशोब चालू. आज थांबावं तर तात्या परत येणार नाहीत आणि गाल परत सुजेल. गाईडनं करावं तर तो नखाएवढा तिरकेपणा. आणि तिसरं म्हणजे सरांची तऱ्हा, जी मी कॉलेजात शिकताना वरच्या दातांवर केली होती, पण खाली, ह्या नसेच्या उंबऱ्यावर, एकट्यानं कधीच नाही. मी सरांकडं बघितलं. सरांचे डोळे आता पहिल्यासारखे नाहीत, त्यांनी ऑपरेशनं सोडलीत.

"मी धरतो, तू कर," सर म्हणाले. "उघड मोठं. बघून कर."

गाईड ट्रेमध्ये ठेवलं. प्लास्टिक ट्रेवर वाजलं तेवढंच.

हिरडीची चीर सरांनी सांगितली तशी लांब घेतली आणि बाजूची चीर नसेपासून दूर, पार पुढं ठेवली. हिरडी हाडावरून सोडवत सोडवत खाली गेलो. माझ्या कपाळाचा घाम आपा पुसत होत्या. बरंच खाली गेल्यावर हाडातलं ते भोक दिसलं आणि त्यातून बाहेर पडलेला पांढरट दोरा. शेवईएवढा. तो बघून माझं पहिल्यांदा बोलणं फुटलं.

"दिसली, सर."

"हा. हा तात्याचा मोंढा," सर म्हणाले. "आता ह्याला डोळ्याआड करायचं न्हाई."

मग सरांनी एक गोष्ट करायला लावली, जी पुस्तकात मी वाचली होती आणि विसरलो होतो. नसेच्या वरच्या हाडात बारीक आडवी खाच पाडायची. हिरडी धरून ठेवायचं हत्यार त्या खाचेत टेकवायचं, म्हणजे ते घसरून नसेवर जात नाही. मी खाच पाडली. सरांनी हत्यार त्यात टेकवलं आणि धरलं. त्यानंतर सर हलले नाहीत. माणूस दारात काठी अडवून उभा राहावा तसे उभे.

टोक कुठं आहे ते शोधायला मापानं एक छोटा खड्डा केला, त्यात चंदेरी कागदाचा कण ठेवला आणि एक्स-रे काढला. एक्स-रेत तो कण पांढरा दिसतो. मुळाच्या टोकापासून किती लांब, कुठल्या बाजूला, ते त्यावरून कळतं. कण टोकाच्या थोडा पुढं पडलेला. स्कॅन आपांनी लॅपटॉपवर माझ्यासमोर धरलेला. तो बघून समजलं की नसेचं वळण कण आहे त्याच्या पुढच्या अंगाला आहे, तिकडं अजिबात जायचं नाही. म्हणजे गाईड गेलं, पण त्याच्यासाठी काढलेला नकाशा कामाला आला.

"निधान," सर म्हणाले.

टोक सापडलं. कापलं. पुवाची पिशवी खरवडून काढली. मागून बूच भरलं. प्रत्येक वेळी सर "निधान", आणि प्रत्येक वेळी मी खरंच निधान. टाके घातले. सरांनी हत्यार सोडलं तेव्हा त्यांची बोटं सरळ होत नव्हती. दुसऱ्या हातानं त्यांनी ती उघडली.

तात्या आरशात बघून, लोंबता ओठ बोटानं वर ढकलून म्हणाले, "कधी येतूय ह्यो जाग्यावर?"

"संध्याकाळपर्यंत."

सरांनी चहा घेतला नाही.

संध्याकाळी फोन आला नाही. मी केला. तात्यांच्या मंडळींनी उचलला. "त्यास्नी अजून कळंना झालंय. पाणी प्यायले तर शर्टावर सांडलं." मी म्हणलं, सूज आहे, होईल. फोन ठेवला आणि जिभेनं स्वतःचा ओठ चाचपला.

दुसऱ्या दिवशीपण नाही.

नस कापली नव्हती, हे मी डोळ्यानं बघितलं होतं. सरांनी पण. पण हिरडी ओढून धरताना नस ताणली जाते, दबते. दबलेली नस जागी होते, कधी चार-आठ दिवसांत, कधी महिन्यांत, आणि कधी पूर्ण होतच नाही. हे सगळं मला पाठ होतं. पाठ असून काही उपयोग नव्हता. रोज सकाळी मी दवाखान्याला जाताना मोंढ्यावरून वळसा घ्यायचो. शेडमधून दुसऱ्याच पोराचा आवाज यायचा. सपाट, बातम्या वाचल्यासारखा. मार्केटवाल्यांनी तात्यांना काट्यावर बसवलं होतं, वजनं बघायला. कुणी म्हणायचं, आता त्यो तिथंच ऱ्हातोय.

तात्या तपासायला यायचे. मी त्यांना डोळे मिटायला सांगायचो आणि कापसाच्या टोकानं ओठाला, हनुवटीला शिवायचो. "कळलं?" "न्हाई." "आता?" "न्हाई." "आता?" "हा, हितं." जिथं कळायला लागलं तिथं पेनानं रेघ मारायची. बधिर भागाभोवती अशी रेघ काढून ठेवली की पुढच्या वेळी कळतं, जागा वाढली का आकसली.

तात्यांनी आरशात आपली रेघ मारलेली हनुवटी बघितली. "बांध घातलास व्हय माझ्यात?"

"हां. मोजणी चालू आहे."

"बांध कोरणारं कोण हाय? नस का मी?"

"दोघं मिळून, तात्या."

तात्या हसले नाहीत. आपा माझ्याकडं बघून मान हलवत होत्या. दवाखान्यात आता दोनच कप चहा व्हायचा. सर तिसऱ्या खुर्चीत बसून पेपर चाळायचे. कुणी चहा विचारला की म्हणायचे, "नको, पित्त होतंय." सरांना कधी पित्त झालेलं मी ऐकलं नव्हतं. आता मला त्या उपासाची गंमत वाटत नव्हती.

बांध सरकला. हळू. हनुवटीच्या खालून वर, कडेकडेनं. सुयांसारखं टोचायला लागलं, मुंग्या आल्या, मग गार लागलं तर कळायला लागलं. प्रत्येक वेळी नवी रेघ आतल्या अंगाला. पण ओठाची कड, जिच्यावर सगळं बोलणं चालतं, ती मेलेलीच. तात्या प, ब, म असलं काही म्हणायला गेले की ओठ मिटायला उशीर व्हायचा. "पंचावन्न" म्हणताना आधी वारा निघायचा, मग शब्द.

एकदा तपासून झाल्यावर तात्या उठलेच नाहीत. आपांना म्हणाले, "बाई, जरा दार लावा." मग माझ्याकडं वळले.

"माझी नक्कल कर."

ऑपरेशनच्या दिवसापासून मी कुणाचीच नक्कल केली नव्हती. तात्यांची तर मनातसुद्धा नाही.

"नको तात्या."

"कर म्हणतूय ना. मला माझं तोंड आता कळंना. कसं बोलायचो, कुठं मिटायचो, इसरलोय. माझं बोलणं आता गावात फकस्त तुझ्यापाशी हाय."

सर पेपर खाली ठेवून बघत होते. मी उभा राहिलो. ट्रेमधले कापसाचे बोळे मुठीत घेतले, दाणे खेळवतात तसे. पहिल्यांदा आवाजच निघंना. मग निघाला. "पंचावन्न, पंचावन्न, बोला, पंचावन्न-पाच, बापू बोला, छप्पन्न झाले."

"थांब. छप्पन्नला काय केलंस? हळू कर."

मी हळू केलं. तात्या माझ्या ओठांकडं असं बघत होते, जसं मी त्यांच्या हाडाकडं बघितलं होतं. मग त्यांनी हातात आरसा घेतला. मी म्हणायचो, ते म्हणायचे. ओठाची मेलेली बाजू ते कळण्यावर नाही, आरशात बघून मिटायचे. "छप्पन्न." वारा. "छप्पन्न." थोडा वारा. मागून सर म्हणाले, "निधान, तात्या."

त्यानंतर तात्या यायचे ते ह्यासाठीच. बांधाची मोजणी आधी, मग शिकवणी. पेशंट थांबलेले असायचे, त्यांनाही ऐकायला जायचं आणि बाहेरच्या बाकावर आपोआप बोली लागायची. आपा ओरडायच्या. बॉनेटवर शेकलेलं गाईड मी टेबलाच्या काचेखाली ठेवलंय. आता नवं गाईड आणायला मी स्वतः मोटरसायकलवर लातूरला जातो आणि येताना डिकीत न ठेवता शर्टाच्या आत ठेवतो. लॅबवाल्याकडं बसवून बघितल्याशिवाय उचलत नाही, आणि पेशंटच्या तोंडात बसवून बघितल्याशिवाय भूल देत नाही. आणि परवा खालच्या एका दाढेची केस आली तेव्हा सर स्वतःहून म्हणाले, "आधी ते तुझं थ्रीडी काढून आण."

सोयाबीनच्या पेरण्या उरकल्यावर मोंढ्यात आवक कमी असते. अशाच एका सकाळी मी वळसा घेऊन चाललो होतो. सवय झालेली. शेडमधून आवाज आला, आणि तो पोराचा नव्हता. मी गाडी बंद केली.

"बावन्न, बावन्न, बोला, बावन्न-पाच, बापू, बापू बोला, त्रेपन्न झाले, एकवार, दोनवार." आणि मग पत्र्याखाली घुमलं, "पक्क."

मला आधी वाटलं कुणीतरी टवाळ पोरगं नक्कल करतंय. आत गेलो. तुरीच्या ढिगाजवळ तात्या, मुठीत दाणे. माझ्याकडं बघितलं, थांबले नाहीत. पुढच्या ढिगावर परत तेच. दोन्ही ओठ आत ओढून, "पक्क. तीनवार."

बीट संपल्यावर मी जवळ गेलो. "तात्या, ते पक्क तुमचं न्हवतं. मी गॅदरिंगला घातलेलं."

"म्हाईत हाय मला. पुढच्या रांगेत बसलो व्हतो," तात्या म्हणाले. हातातले दाणे ढिगावर टाकले आणि बोटानं खालच्या ओठाची कड चाचपली. "त्याच्याशिवाय कळत न्हाय रं. पक्क केलं की समजतंय, हाय जाग्यावर. मग तीनवार म्हणतूय."

"आणि हनुवटी?"

"हितं," त्यांनी बोट ठेवलं. "डाळीएवढं राहिलंय. तेवढं राहू दे तुला, रेघा माराय."

मी बाहेर येऊन दवाखान्यात फोन लावला. आपांनी उचलला. मी सांगितलं, तात्या पुकारतायत. तिकडं थोडी गडबड झाली आणि फोनवर सर आले.

"सगळा आला?"

खोटं बोलावं वाटलं. "ओठ आला, सर. हनुवटीवर डाळीएवढी जागा राहिलीय."

मागं आपांनी स्टोव्हवर चहाचं पातेलं ठेवल्याचा आवाज आला.

"मग अर्धाच कप ठेवा," सर आपांना म्हणाले.